‘दुसरा दोर’: कड्यावरच्या बहीण-भावाची एकांकिका उभी करताना ठेवलेल्या नोंदी

हौशी संघाच्या ४५ मिनिटांच्या एकांकिकेच्या या कामाच्या नोंदी. तालमी कळव्यातल्या शाळेच्या हॉलमध्ये, नेपथ्याचं काम वागळे इस्टेटमधल्या गाळ्यात, प्रयोग ठाणे आणि वाशीला. डोंगर, दोर आणि दोन माणसांचं भांडण रंगमंचावर आणू पाहणाऱ्या कुठल्याही संघाला उपयोगी पडावं म्हणून आकडे आणि फसलेल्या गोष्टी जशाच्या तशा ठेवल्या आहेत.

१२ जुलै: संहिता, पहिला खर्डा

गोष्ट अशी. वैजू आणि दिनेश ही बहीण-भावंडं मुरबाडच्या बाजूला कॅम्प चालवतात. एका संध्याकाळी रॅपलिंग करताना, म्हणजे दोरावरून कडा उतरताना, दोर तुटतो आणि एक गिऱ्हाईक खालच्या पदरावर (कड्यातल्या अरुंद सपाटीवर) पडतं. माणूस जिवंत आहे, पाय मोडलाय. अंधार पडलाय, मोबाईलला रेंज नाही. दोर जुना होता हे दोघांनाही माहीत आहे. दिनेशला माणूस वाचवायचाय, पण दोराचा पुरावा राहू द्यायचा नाही. वैजूला दोन्ही वर न्यायचे आहेत, माणूसही आणि दोरही.

डोंगराला मुद्दाम नाव दिलेलं नाही. खऱ्या गडाचं नाव घातलं की तिथे जाऊन आलेला प्रेक्षक वाटा मोजत बसतो.

१९ जुलै: पहिलं वाचन

दोन गोष्टी उघड्या पडल्या. एक, दिनेशला खलनायक करून ठेवलं होतं. वाचनाला बसलेल्या सगळ्यांनी चौथ्या पानालाच वैजूची बाजू घेतली, आणि पुढची पानं नुसती निकाल ऐकण्यापुरती उरली. दोन, कड्यावर उभं राहून दोघं दीड-दीड पानाची भाषणं करत होती. खाली माणूस कण्हत असताना कुणी ‘सत्य म्हणजे काय’ यावर बोलत नाही.

पहिल्यावर उपाय असा केला. दिनेशला खरी कारणं दिली. कॅम्पवर गावातली पोरं कामाला आहेत, त्यांचा हंगाम बुडेल. दोर कड्याच्या धारेवर घासला, कारण गिऱ्हाइकाने सांगूनही उतरायची जागा सोडली, आणि हे खरं आहे. वैजूलाही मोकळं सोडलं नाही. दोराच्या टोकाला वर्ष आणि लांबी लिहिलेली पट्टी असते. त्या पट्टीवर ‘तपासला, ठीक’ असं लिहून वैजूनेच सही केली आहे. आता खरं बोलायचं तर तिलाही किंमत मोजावी लागते. बहीण-भावाच्या मूल्यांचा संघर्ष असलेल्या कुठल्याही नाटकात ही तपासणी आधी करावी: जो बरोबर आहे त्याचं काही जातंय का? जात नसेल तर तो नुसता उपदेशक होतो.

भाषणांवरचा उपाय सापडायला वेळ लागला. तो पुढे १६ ऑगस्टच्या नोंदीत आहे.

२ ऑगस्ट: दोर नेमका का तुटला

एका खर्ड्यात दोर बॅटरीतल्या ॲसिडने खराब झालेला दाखवला होता. जीपच्या डिकीत जुनी बॅटरी आणि तिच्याशेजारी दोर. वस्तुस्थिती म्हणून हे अचूक आहे: ॲसिड नायलॉन आतून खातं आणि वरून खूणही दिसत नाही, म्हणून गिर्यारोहक दोर बॅटरीजवळ ठेवत नाहीत. पण नाटकाला हेच नडलं. जे डोळ्याला दिसत नाही ते अकराव्या रांगेतल्या प्रेक्षकाला कसं दाखवणार? ते संवादातून सांगावं लागलं आणि प्रवेश तिथेच बसला.

म्हणून साधा, जुना आणि धारेवर घासलेला दोर घेतला. गिर्यारोहणाच्या दोराला दोन भाग असतात, आत पांढरा गाभा आणि बाहेर विणलेलं रंगीत कवच. कवच फाटलं की गाभ्याचे पांढरे धागे फुलून बाहेर येतात. निळ्या दोरातून वीतभर पांढरं बाहेर आलेलं शेवटच्या रांगेतूनही दिसतं. दोर बनवणारे साधारण १० वर्षांपलीकडे दोर वापरू नका असं सांगतात, वापर कमी झाला असला तरी. पट्टीवर ‘२०११’ एवढंच ठळक लिहिलं. बाकी समजावण्याचे संवाद कापले, त्यात सव्वा पान वाचलं.

नाटकातला तुटका दोर एका गिर्यारोहण संस्थेने बाद केलेल्या साठ्यातून फुकट मिळाला. मिळाल्या दिवशीच त्याचे चार मीटरचे तुकडे करून दोन्ही टोकांना लाल टेप मारली. हे टाळू नका. बाद दोर अखंड राहिला तर कधीतरी कुणीतरी त्यावर वजन टाकतं.

९ ऑगस्ट: कायद्याची बाजू

दिनेश एका ठिकाणी म्हणायचा, “आपण काही गुन्हा करत नाही आहोत.” हे वाक्य टिकतं का ते पाहिलं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत पुरावा नाहीसा करणं कलम २३८ खाली येतं (पूर्वी भादंविचं २०१). गुन्हेगाराला आसरा देण्याच्या कलमात, म्हणजे २४९ मध्ये, सूट फक्त नवरा-बायकोला आहे, भावंडांना नाही. वैजू हे कलम म्हणून दाखवत नाही. ती एवढंच म्हणते:

“तुझी बायको असते तर सोडलं असतं मला. बहीण आहे मी.”

वाक्य राहिलं. वाचनात हसू येईल अशी भीती होती, पण हॉल गप्प झाला.

१६ ऑगस्ट: माणूस वर ओढायचा कसा

या कामातली सगळ्यात महत्त्वाची नोंद ही.

जखमी माणूस खालच्या पदरावर, दोघं वर. दोन माणसं ७० किलोचं वजन नुसतं हाताने सरळ वर ओढू शकत नाहीत. प्रत्यक्षात दोर झेडच्या आकारात फिरवून ३:१ ची ओढ लावतात. हिशोबाने ७० किलोला २३-२४ किलोची ओढ पुरते. पण पुलीच्या जागी नुसत्या कॅराबिनरवरून (धातूच्या उघडझाप कडीवरून) दोर फिरवला की घर्षणाने फायदा दुपटीच्याही खाली येतो. दोघांनी जोर लावल्याशिवाय माणूस हलत नाही. एकट्या वैजूला जमत नाही आणि एकट्या दिनेशलाही नाही. भांडण कितीही पेटलं तरी हात एकाच दोरावर ठेवावे लागतात.

दुसरी गोष्ट म्हणजे ३:१ मध्ये १ फूट वर आणायला ३ फूट दोर ओढावा लागतो. आपल्या लेव्हलची, म्हणजे नट उभे राहतात त्या चौथऱ्याची, पुढून मागे खोली ६ फूट. त्यात अँकर (दोर जिथे पक्का बांधतात ती जागा) आणि बांधणीला २ फूट गेले, ओढायला ४ उरले. जखमीला ५ फुटांच्या उतरत्या फळीवरून वर आणायचं, म्हणजे १५ फूट दोर. एका दमात जमत नाही. चारदा ओढायचं आणि मध्ये तीनदा थांबून प्रुसिकची गाठ (दोराभोवती बारीक दोरीचे वेढे घालून केलेली, वजन आलं की पकडणारी) पुन्हा पुढे सरकवायची, म्हणजे रीसेट.

तालमीत ही जागेची अडचण वाटत होती. प्रत्यक्षात नाटकाची बांधणी तिच्यातूनच मिळाली. ओढताना दम लागलेला असतो, बोलता येत नाही. रीसेटच्या वेळी वजन प्रुसिकच्या गाठीवर टेकतं आणि तेवढ्यातच बोलता येतं. भाषणं गेली, तीन रीसेट आले. प्रत्येकाला ४० ते ५० सेकंद. सगळा वाद एवढ्यातच बसवायचा.

पहिला रीसेट: पोलिसांना काय सांगायचं. दुसरा: कॅम्पवरची पोरं. तिसऱ्यात प्रुसिक दिनेशच्या हातात आहे, गाठ घसरते आहे आणि त्याला हात काढता येत नाही. जादा फासाची दोरी त्याच्या खिशात आहे. वैजू खिशात हात घालते आणि दोरीसोबत पट्टी बाहेर येते, त्याने सुरुवातीला गुपचूप फाडून ठेवलेली. पट्टीवर तिचीच सही.

“ताई, ठेव ते.”

“धर नीट. माणूस आहे त्यावर.”

पहिल्या खर्ड्यात इथे पाऊण पानाचा कबुलीजबाब होता. आता वैजू पट्टी जखमीच्या स्ट्रेचरला बांधलेल्या तुटक्या दोराच्या टोकाला परत बांधते आणि म्हणते, “ओढ.” स्ट्रेचर बांधायला तुटकाच दोर वापरलाय, कारण ओढायच्या दोराशिवाय जवळ दुसरा नाही. पुरावा हवा की नको यावर दोघांचं जे काही मत असो, माणूस त्यातच गुंडाळलाय.

प्रुसिकसाठी १०.५ मिलिमीटरच्या दोरावर ६ मिलिमीटरची दोरी, तीन वेढे. ८ मिलिमीटरची घेतली तर गाठ नीट पकडत नाही. नटांना आठाची गाठ आणि प्रुसिक डोळे मिटून बांधता येईपर्यंत संवाद पाठ करायला दिले नाहीत. हात चुकला की संवाद चुकतोच.

३० ऑगस्ट: नेपथ्याचा आराखडा

मूळ आराखड्यात रंगमंचाच्या मागच्या बाजूला ८ फुटांचा उभा कडा होता. हॉलमध्ये खुर्च्या रचून बघितलं. नट वर गेले की वरचे दिवे तोंडावर पडत नाहीत, आवाज छताला जातो आणि खोली मुळीच वाटत नाही. प्रेक्षकाला फक्त मचाण दिसतं.

आता कडा उलटा केला. दरी प्रेक्षकांच्या बाजूला. लेव्हलची उंची फक्त ३ फूट. नटांची नजर प्रेक्षकांच्या डोक्यावरून खाली, बाल्कनीच्या कठड्याखाली ठरवलेल्या एका बिंदूवर. दोघांचीही नजर एकाच बिंदूवर पडली पाहिजे, नाहीतर दरी दोन ठिकाणी दिसते. तालमीत त्या जागी खुर्चीवर लाल फडकं टाकलं.

गणपतीत गाळा बंद राहिला, आठवडा गेला.

१३ सप्टेंबर: सुतारकाम

लेव्हल १२ फूट × ६ फूट. सामान छोट्या हत्तीतून न्यायचं. त्याचा हौदा साधारण ७ फूट × ४ फूट १० इंच, म्हणून ६ × ४ चे तीन तुकडे. दीड इंची चौकोनी लोखंडी पाइपची चौकट आणि वर १२ मिलिमीटर प्लाय. जोडायला प्रत्येक सांध्यावर दोन बोल्ट आणि फुलपाखरी नट. साध्या नटाला पाना शोधण्यात वेळ जातो, आणि स्पर्धेत नेपथ्य लावायला मिनिटं मोजून मिळतात.

पहिल्या दिवशी लेव्हल करकरली. शांत प्रवेशात दरीतून दार उघडल्यासारखा आवाज. प्लाय आणि पाइप यांच्यामध्ये जुन्या सायकल ट्यूबच्या पट्ट्या चिकटवल्या, बोल्टला रबरी वॉशर घातले. आवाज गेला, खर्च शून्य.

२० सप्टेंबर: कातळ

थर्माकोल वापरलं नाही. महाराष्ट्रात सजावटीच्या थर्माकोलवर २०१८ पासून बंदी आहे. शिवाय ते पायाखाली किरकिरतं आणि पेटतंही पटकन.

चौकटीवर कोंबडीजाळी, तिच्यावर फेविकॉल आणि पाण्याच्या मिश्रणात बुडवलेलं गोणपाट. एकाला एक घेतलं ते वाळलंच नाही. सप्टेंबरच्या दमट हवेत गोणपाटाला बुरशी धरली आणि दोन तुकडे फेकावे लागले. नंतर मिश्रण घट्ट केलं, दोन भाग फेविकॉल आणि एक भाग पाणी. थर एकच दिला, टेबलफॅन रात्रभर. तेव्हा वाळलं.

रंगवताना उभ्या भेगा काढल्या गेल्या, हिमालयातल्या फोटोंसारख्या. सह्याद्रीचा कडा तसा नसतो. हा लाव्ह्याच्या थरांवर थर बसून झालेला बसाल्ट आहे. थर आडवे, मध्ये पदर, पदरावर गवत, आणि कातळावर पांढरट दगडफुलाचे ठिपके. उभ्या भेगा पुसून आडवे पट्टे घेतले: काळा, करडा आणि थोडा तपकिरी. काळा एकटाच वापरला तर दिव्याखाली निळा दिसतो.

वाळलं गवत खरं लावलं. त्याआधी १ लिटर पाण्यात ७० ग्रॅम बोरॅक्स आणि ३० ग्रॅम बोरिक ॲसिड विरघळवून त्यात बुडवून वाळवलं. नंतर एक काडी पेटवून पाहायची: ज्योत काढल्यावर विझली पाहिजे.

४ ऑक्टोबर: अँकर

नाट्यगृहातल्या दिव्यांच्या बारला माणसाचं वजन कधीही लावायचं नाही. तो त्यासाठी नसतो. लेव्हलच्या मागे स्वतंत्र त्रिकोणी चौकट केली, लेव्हलला बोल्टने जोडलेली, तळाला वाळूच्या गोणी मिळून १५० किलो. रीसेटच्या क्षणी जखमीचं फळीवर न टेकलेलं सगळं वजन अँकरवर येतं, म्हणून तपासणी त्याच अवस्थेत केली: ८० किलोच्या गोणी फळीवर, सगळं प्रुसिकवर, दहा मिनिटं. चौकट अर्धा इंच पुढे सरकली. पायांना रबर लावलं आणि पुढच्या कडेला आडवा पाइप. मग हलली नाही.

वजन घेणारा दोर नवा, केशरी. गोष्टीतला जुना दोर निळा. दोन रंग एका पिशवीत ठेवायचे नाहीत. जखमीचं काम करणाऱ्या नटाला कपड्यांखाली हार्नेस (कमर-मांड्यांचा सुरक्षा पट्टा) आणि स्ट्रेचरपासून स्वतंत्र अशी दुसरी दोरी, अँकरला बांधलेली, ती विंगेतून एकजण सांभाळतो. नाटकात दोर दोनच असले तरी सुरक्षेला तिसरा असलाच पाहिजे.

११ ऑक्टोबर: आवाज

वारा येऊरला जाऊन मोबाईलवर ध्वनिमुद्रित केला. फक्त फडफड आली. उघड्या माइकवर वारा आदळला की वाऱ्याचा आवाज येत नाही, माइकचा येतो. त्याऐवजी जुन्या नाटकमंडळींचं यंत्र केलं: दोन फूट व्यासाचा पिंप, त्यावर आडव्या १६ लाकडी पट्ट्या, वरून ताणलेलं कॅनव्हास, एका बाजूला हँडल. हळू फिरवलं की झुळूक, जोरात फिरवलं की घोंघावतं. नटाच्या श्वासाबरोबर वारा वाढवता येतो, हे ध्वनिफितीला जमत नाही.

सुरुवातीला दिनेशच्या हातून टॉर्च दरीत पडते. आवाज लगेच दिला होता, म्हणून दरी दहा फुटांची वाटली. १०० मीटरवरून पडलेल्या वस्तूला खाली पोचायला साडेचार सेकंद लागतात, आवाज वर यायला आणखी पाव-एक सेकंद. पावणेपाच सेकंद काहीच नाही, मग बारीक ‘टक्’. हाकेच्या प्रतिध्वनीला १ सेकंद, म्हणजे समोरचा कडा १७० मीटरवर. आकडे बरोबर असले की प्रेक्षकाला काही सांगावं लागत नाही.

१८ ऑक्टोबर: दिवे आणि धुकं

हेडलॅम्प घातलेला नट प्रेक्षकांकडे वळला की पहिल्या पाच रांगांचे डोळे दिपतात. सगळ्यात मंद मोडवर ठेवून काचेवर ट्रेसिंग पेपरचे दोन थर आणि अंबर जिलेटिनचा (दिव्यावर लावायच्या रंगीत पारदर्शक कागदाचा) तुकडा. वरच्या ‘पार’ नावाच्या झोताच्या दिव्यांना निळं जिलेटिन. चंद्रप्रकाश एकाच बाजूने, नाहीतर कातळाचे थर सपाट दिसतात.

धुक्याच्या मशीनचं धुकं एसीच्या झोतात वर जाऊन प्रेक्षागृहात शिरलं, दरीतून उठलं नाही. ड्राय आइस (गोठवलेला कार्बन डायऑक्साइड) वापरून पाहिला, त्याचं धुकं खाली पसरतं, पण तो उणे ७८ अंशांचा असतो. हातमोजे लागतात, बंद खोलीत धोका असतो आणि दुपारी आणलेला संध्याकाळपर्यंत निम्मा उडून जातो. ठाण्यातल्या प्रयोगाला ड्राय आइस वगळला. मशीन एकदाच, पडदा उघडण्याआधी दोन मिनिटं, एसी बंद करून. धूर ओळखणारी यंत्रणा असल्यास व्यवस्थापनाला आधी लेखी कळवावं.

१ नोव्हेंबर: परवानगी

संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे (नाटकाची संहिता मंजूर करणाऱ्या सरकारी मंडळाकडे) पाठवण्याआधी अंतिम करा. इथे शेवट बदलल्यामुळे पानं पुन्हा टंकावी लागली आणि अर्ज लांबला. मंजूर संहितेत नसलेलं वाक्य प्रयोगात घालता येत नाही, तेव्हा तालमीत सुचलेली वाक्यं अर्जाआधी कागदावर आली पाहिजेत.

१५ नोव्हेंबर: रंगीत तालीम

तिसऱ्या रीसेटला दिनेशच्या खिशातून पट्टी निघालीच नाही, घामाने कापडाला चिकटली होती. वैजूच्या नटीने दोन सेकंद शोधलं, आणि दिनेशच्या नटाने प्रुसिक धरून ठेवत तिच्याकडे पाहिलं. तो थांबा इतका खरा होता की ठेवायचा ठरवला, पण मुद्दाम. खिशाला आतून सॅटिनचं अस्तर लावलं, पट्टी प्लॅस्टिकमध्ये घातली. शोधणं आता ठरलेलं आहे, अपघातावर सोडलेलं नाही.

जखमी फार कण्हत होता. वेदना सतत ऐकू आली की वाद क्षुल्लक वाटतो. आता प्रत्येक रीसेटला एकदाच, शेवटच्याला एकदाही नाही.

२९ नोव्हेंबर: ठाण्यातला प्रयोग, हिशोब

नेपथ्य नऊ मिनिटांत उभं राहिलं. प्रयोग ४३ मिनिटांचा झाला. प्रयोगानंतर काही प्रेक्षक दिनेशच्या बाजूने बोलत होते, काही वैजूच्या. जुलैच्या वाचनात हे घडलं नव्हतं.

खर्च असा: पाइप आणि वेल्डिंग ७,४००, प्लाय ५,६००, जाळी, गोणपाट, फेविकॉल आणि रंग मिळून ४,१००, नवा दोर २५ मीटर ३,५००, हार्नेस आणि कॅराबिनर भाड्याने २,०००, धुक्याचं मशीन १,२००, टेम्पो १,८००. एकूण २५,६०० रुपये. फेकलेल्या गोणपाटाचे साधारण ६०० वाचवता आले असते, ८ फुटी कड्यासाठी आधीच कापून घेतलेल्या पाइपचे १,५००.

वाशीच्या प्रयोगासाठी करायचं: नजरेचा बिंदू तिथल्या बाल्कनीप्रमाणे पुन्हा ठरवणे, फुलपाखरी नटांचा एक जादा संच, केशरी दोर हाताने पूर्ण लांबी चाचपून कवच तपासणे, आणि पट्टीवर नवी सही. जुनी शाई प्लॅस्टिकच्या आत पुसट होते आहे.